परसातल्या कोंबड्या आणि मानमोडी

परसात दहा-बारा गावठी कोंबड्या पाळणारी घरे आपल्या मोहल्ल्यांत आजही पुष्कळ आहेत. भांडवल थोडे लागते, आणि गावठी अंड्याला फार्मच्या अंड्यापेक्षा भाव चांगला मिळतो. कारागिराच्या घरातल्या बाईची ही बहुधा स्वतःच्या हातची कमाई असते. परंतु एकदा मानमोडी शिरली की चार-आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. म्हणून दाण्यापाण्याइतकेच लक्ष रोग टाळण्याकडे दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरुवात अंड्यापासून करावी. खुडूक कोंबडीखाली दहा-बाराच अंडी ठेवावीत. आठवड्याहून जुनी, तडकलेली किंवा घाणीने माखलेली घेऊ नयेत. मळलेले अंडे गार पाण्याने धुण्याची पद्धत तर फारच वाईट. कवचाला बारीक छिद्रे असतात. गार पाणी लागताच आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा असतील तर ती २१ दिवस नीट बसणार नाही, तेही आधी पाहावे.

पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पिले दिव्याखाली गर्दी करू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब जाऊन धापा टाकू लागली तर उकडते आहे. खालचा तूस कोरडा असावा; रक्ती हगवण ओल्या तुसातच फैलावते.

खरी अडचण लसीची आहे. मानमोडी म्हणजेच राणीखेत. या रोगावर औषध नाही, लस आहे. पाच-सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन. पण कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते, ती बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून कोणीच करत नाही. आम्ही सुचवतो की दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा व सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवावे. लग्नाच्या मांडवाची कामे जी जमात एका बैठकीत वाटून घेते, तिला हे जड नाही. लस मात्र निरोगी पक्ष्यांनाच द्यावी.

आता व्यापारी बांधवांसाठी दोन शब्द. मर लागली की उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवडे बाजारात नेल्या जातात आणि रोग चार गावांत पोहोचतो. दोष लपवून विकलेला माल तो; त्याला आम्ही व्यापार म्हणणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला, तेव्हा दूरदूरच्या चिकनविक्रेत्यांचीही गिऱ्हाइके तुटली. बाजारातून आणलेली कोंबडी निदान दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. पिंजरे धुऊन उन्हात वाळवावेत.

एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने त्यांना शिवू नये, उकिरड्यावरही टाकू नये. आधी दवाखान्याला कळवावे; मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात.