त्वचेचें आरोग्य आणि नागपूरचें ऊन

मे महिन्यांत नागपूर शहराचा खरा दिवस पहाटे पांच वाजतां सुरू होतो आणि सकाळीं नवाच्या सुमारास तो जवळजवळ संपतो. अंबाझरी आणि फुटाळा या तलावांच्या कांठीं फिरावयास आलेलीं माणसें साडेसातपूर्वींच घराकडे वळलेलीं असतात. त्यानंतर रस्त्यावर जें कोणी दिसतें, तें दुपट्ट्यानें अथवा शेल्यानें डोकें व तोंड गुंडाळूनच. हवामान खात्याच्या दप्तरीं या शहराचें २३ मे २०१३ या दिवसाचें तपमान ४७.९ अंश सेल्सिअस नोंदलेलें आहे; २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे मात्र हाच पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एकाच कातडीला हीं दोन्ही टोकें सोसावीं लागतात. मुंबईच्या दमट हवेसाठीं किंवा परदेशांतील थंडीसाठीं केलेला सौंदर्यविषयक उपदेश येथें जसाच्या तसा कां लागू पडत नाहीं, हें त्यावरून सहज उमगतें.

त्वचा म्हणजे शरीरावर घातलेलें एक वेष्टन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तें अहोरात्र काम करणारें इंद्रिय आहे. प्रौढ मनुष्याच्या त्वचेचें क्षेत्रफळ सुमारें पावणेदोन चौरस मीटर भरतें आणि तिच्यांत वीस लाखांहून अधिक घर्मग्रंथि असतात. बाहेरची हवा अंगापेक्षां अधिक तापली, कीं शरीरांतील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे घाम येणें आणि तो अंगावरच वाळणें. एक लिटर घाम पूर्णपणें वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घरांतील माठ याच न्यायानें पाणी गार करतो आणि खिडकींतला कूलरहि याच न्यायानें खोली गार करतो.

येथेंच नागपूरकरांची एक फसगत होते. मे महिन्यांतील हवा इतकी कोरडी असते कीं घाम दिसण्यापूर्वींच वाळून जातो. मुंबईचा मनुष्य घामानें निथळतो, म्हणून त्याला पाण्याची आठवण होते. नागपूरचा मनुष्य कोरडाच राहतो आणि आपल्याला घाम आलाच नाहीं असें समजतो. यासाठीं तहानेची वाट न पाहतां दर तासा-दीड तासानें थोडें पाणी पिण्याची संवय घरांतील सर्वांनीं ठेवावी. लघवीचा रंग गडद होऊं लागला तर पाणी कमी पडत आहे असें समजावें. मीठ घातलेलें ताक आणि कैरीचें पन्हें हीं घरगुती पेयें या कामीं उत्तम होत. मात्र रक्तदाब, मधुमेह अथवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं मीठ, साखर व पाणी यांचें प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें. गरजेपलीकडे घागरभर पाणी प्यायल्यानें चेहरा तुकतुकीत होतो, या समजुतीस मात्र फारसा आधार नाहीं.

व्यायामाविषयीं वऱ्हाड-नागपूरकडे उदासीनता कधींच नव्हती. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें आणि १९३६ सालीं त्याच्या खेळाडूंनीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. सूर्यनमस्कारांचा प्रसार औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं इतक्या चिकाटीनें केला कीं १९३८ सालीं त्यांचें त्यावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. अर्थात् संसारी माणसानें मल्लखांबावर चढलेंच पाहिजे असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास निदान दीडशें मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यांतील पांच दिवस अर्धा तास झपझप चालणें; त्याच्या जोडीला दहा-बारा सूर्यनमस्कार घातले म्हणजे स्नायूंचीहि सोय होते.

परंतु व्यायाम किती करावा याइतकाच तो केव्हां सुरू करावा हाहि प्रश्न येथें महत्त्वाचा आहे. शरीराला उन्हाची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या अवधींत घाम लवकर सुटूं लागतो, त्यांतून मीठ कमी जातें आणि रक्तांतील द्रवभाग वाढतो. म्हणून होळीच्या सुमारास थोडक्यापासून आरंभ करून श्रम हळूहळू वाढविणारा मनुष्य उन्हाळा सुखानें काढतो. उलट आठवडाभर वातानुकूलित कचेरींत बसून रविवारीं दुपारीं चार वाजतां मुलांबरोबर क्रिकेट खेळावयास उतरणारा गृहस्थ आपल्या शरीराची नाहक परीक्षा पाहतो. श्रम करतां करतां कोणी असंबद्ध बोलूं लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलींत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावें, वारा घालावा आणि तत्काळ इस्पितळांत न्यावें.

स्नानाच्या बाबतींत अतिरेक टाळावा. उन्हाळ्यांत दोन वेळां स्नान करणें योग्यच. पण दोन्ही वेळां सर्वांगास साबण चोळण्याचें कारण नाहीं. त्वचेवर स्वभावतः एक सौम्य आम्लयुक्त थर असतो आणि नेहमींचा साबण क्षारयुक्त असल्यामुळें तो थर उणावतो. काखा, जांघा व पाय यांना साबण पुरे. बाकीच्या अंगास पाणी. डिसेंबर-जानेवारींत स्नानानंतर अंग ओलसर असतांनाच खोबऱ्याचें तेल हलक्या हातानें लावलें तर पायांच्या भेगा आणि हातांवरील पांढरी रेघोटी बरीच कमी होते. त्याच दिवसांत बाजारांत संत्रीं येतात. त्वचेला ताण देणारें जें कोलॅजेन नांवाचें प्रथिन, तें घडविण्यास क जीवनसत्त्व लागतें आणि साधारण दोन संत्र्यांत तें एका दिवसापुरतें मिळतें. खर्ऱ्याचा उल्लेख सभ्य घरांत टाळला जातो, पण तो टाळणें बरें नव्हे. सुपारीमुळें तोंडाचें आंतील अस्तर ताठर होत जातें, तोंड पुरतें उघडेनासें होतें आणि तंबाखूमुळें कर्करोगाचें भय त्यांत भर घालतें.

आतां रंगाची गोष्ट. सावळा वर्ण हा त्वचेचा दोष नव्हे. मेलॅनिन नांवाच्या रंगद्रव्यानें सूर्याच्या अतिनील किरणांपासून केलेलें तें संरक्षण होय. सकाळीं दहा ते दुपारीं चार या वेळांत पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, छत्री किंवा दुपट्टा वापरावा आणि उघड्या राहणाऱ्या भागावर सनस्क्रीन लावावें. एवढ्यानें उन्हाचे डाग व अकालीं पडणाऱ्या सुरकुत्या पुष्कळ टळतात. पण लग्नसराईच्या तोंडावर इतक्या सावकाशीनें चालण्याची कोणाची तयारी नसते आणि मग आठ दिवसांत गोरें करणारी डबी घरांत येते.

त्या डबींत काय असूं शकतें, तें विदर्भांतच दिसून आलें आहे. अकोल्यांतील एकाच कुटुंबांतील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना २०२२ सालीं इजा झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं शोध घेतला, तेव्हां तिघीहि वापरीत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्यें पारा आढळला. पारा मेलॅनिन तयार होऊं देत नाहीं, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. परंतु तोच पारा त्वचेंतून रक्तांत आणि रक्तांतून मूत्रपिंडांत जातो. भारतीय नियमांप्रमाणें अशा प्रसाधनांत नकळत मिसळलेला पाराहि दहा लाख भागांत एक भाग यापेक्षां अधिक असतां कामा नये. ज्या डबीवर घटकांची यादी, बनविणाऱ्याचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक नाहीं, ती कोणा मैत्रिणीनें कितीहि वाखाणली तरी घेऊं नये.

दुसरा प्रकार औषधाच्या दुकानांतून येतो. बीटामेथॅसोन, क्लोबेटॅसोल, मोमेटॅसोन हीं स्टिरॉइड वर्गांतील औषधें असून योग्य रोगावर, थोडे दिवस व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं फार उपयोगी पडतात. तींच रोज चेहऱ्यावर चोळलीं तर पहिले कांहीं आठवडे चेहरा नितळ दिसतो; पुढें कातडी पातळ होते, लाल शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या उठतात आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावरहि लव वाढते. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं चौदा स्टिरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. ज्या घरांत असें मलम कित्येक महिने वापरलें गेलें आहे, तेथें तें एकाएकीं फेंकून देणेंहि त्रासाचें ठरतें, कारण औषध सुटतांच चेहरा भडकून लाल होतो आणि घाबरून तीच नळी पुन्हां हातांत घेतली जाते. अशा वेळीं ती नळी बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें आणि ती किती दिवसांपासून लावली हें न लपवितां सांगावें; मलम टप्प्याटप्प्यानें कसें सोडावयाचें, तें तो ठरवून देतो.