हरितगृहातील बी-पेरणी

व्यापारी हरितगृहांत भाजीपाला, फुलझाडे व वनवृक्ष यांची रोपे विक्रीसाठी तयार करताना अवलंबिण्यात येणारी पेरणीची पद्धती. शेतात काही बी मागाहून उगवले किंवा मुळीच उगवले नाही, तरी फारसे बिघडत नाही. हरितगृहात मात्र ट्रेमधील रिकाम्या खणालाही भरलेल्या खणाइतकीच जागा, ऊब व पाणी लागते आणि मागे पडलेले रोप शेजारच्या रोपांच्या सावलीत खुरटते. म्हणून सर्व बी एकाच वेळी उगवावे, हा येथील पेरणीचा मुख्य हेतू असतो.

पेरणीसाठी साधी माती सहसा वापरीत नाहीत; लहान खणांत ती घट्ट बसते व तिच्याबरोबर रोगकारक कवकेही येतात. तिच्याऐवजी पीट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट) यात पर्लाइट वा व्हर्मिक्युलाइट मिसळतात. महाराष्ट्रात टोमॅटो, मिरची इत्यादींच्या रोपांसाठी ९८ खणांचे प्लॅस्टिकचे ट्रे रूढ आहेत. बी सामान्यतः त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरतात. बिगोनियाचे बी इतके सूक्ष्म असते की, एका ग्रॅममध्ये ५०,००० हून अधिक बिया मावतात. ते पृष्ठभागावरच टाकतात, कारण त्याला उगवणीस प्रकाशही लागतो. हाताळणे सोपे व्हावे म्हणून असे बी चिकणमातीसारख्या पदार्थाचा लेप देऊन गोळ्यांच्या रूपात विकतात. याउलट, सदाफुलीचे बी अंधारात चांगले उगवते.

वृक्षांच्या बाबतीत खरी अडचण येते. भाज्यांचे बी एकदम उगवावे अशी त्याची निवड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. रानातील वृक्षाला मात्र सर्व बी एकाच पावसात उगवणे धोक्याचे असते. त्यामुळे त्याची सुप्तावस्था मोडावी लागते. सुबाभळीचे कठीण बीजावरण मऊ करण्यासाठी बी ८०° से. तापमानाच्या पाण्यात ३-४ मिनिटे ठेवतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डग्लस फर वृक्षाचे बी सु. २४ तास भिजवून, वरचे पाणी सुकवून, २° ते ५° से. तापमानात तीन किंवा अधिक आठवडे ठेवतात. म्हणजे त्याला कृत्रिम हिवाळाच दिला जातो. नंतर ते पॉलिस्टायरीनच्या ठोकळ्यांतील खणांत यंत्राने पेरून वर बारीक खडीचा थर देतात. सागाची फळे आळीपाळीने भिजविली व वाळविली, तरी उगवण रेंगाळतेच. म्हणून ती आधी वाफ्यात पेरून उगवलेली रोपेच तेवढी खणांत लावणे सोयीचे ठरते. कडुनिंबाचे बी साठविल्यास उगवणक्षमता लवकर गमावते. ते ताजेच पेरावे लागते.

पेरणीनंतर भाज्यांचे ट्रे एकावर एक रचून पॉलिथिनने झाकतात. त्यामुळे ओल व ऊब टिकते. परंतु अंकुर दिसताच, म्हणजे बहुधा ३ ते ६ दिवसांत, ते सुटे करून उजेडात मांडणे आवश्यक असते. एका दिवसाचा उशीरही पुरतो : रोपे पांढुरकी व लांबट होतात आणि पुढे ती सुधारत नाहीत. उगवणीस पोषक असलेली ओलच पुढे पिथियम व रायझोक्टोनिया या रोगकारकांना पोषक ठरते, रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. यासाठी पाणी सकाळी व बेताने देतात आणि सायंकाळपर्यंत पाने कोरडी होतील इतकी हवा खेळती ठेवतात.