विद्यापीठ बदलायचे की नुसते कॉलेज?

२०२५ च्या मे महिन्यात गावाहून आमच्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगी ऐकंना. मुंबईलाच शिकायचं म्हणती. तूच बघ आता काय ते."

भाची बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.चे पहिले वर्ष संपवून बसली होती. दोन्ही सेमिस्टर एका दमात पास. मग हट्ट कशाचा? आम्ही तिलाच फोनवर घेतले. म्हणाली, "मामा, प्रॅक्टिकल होतच नाहीत. सर फळ्यावर आकडे लिहितेत, आम्ही वहीत उतरवतो. वर्षभरात ब्युरेट दोनदा हातात आली."

हट्ट नव्हता तर. तक्रार होती, आणि खरी होती. रसायनशास्त्र घेतलेली मुलगी उद्या कारखान्याच्या लॅबमध्ये मुलाखतीला गेली, तर वहीतल्या आकड्यांनी काय होणार? तरी आम्ही लगेच "ये" म्हणालो नाही. त्याला कारण आहे आणि ते आमच्याच घरातले आहे.

२०११ साली आमच्या थोरल्याने असेच केले होते. मित्र चालले म्हणून दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठात जायचे ठरवले. आधी जुन्या कॉलेजातला प्रवेश रद्द केला, टी.सी. आणि मायग्रेशन काढले, मग नव्या कॉलेजात फी भरली. चार महिने वर्गात बसला. त्यानंतर कळले की पहिल्या वर्षाचे दोन पेपर तिकडच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत, एलिजिबिलिटी मिळणार नाही, पहिले वर्ष पुन्हा करा. इकडची जागा तोवर गेलेली. वर्ष गेले, त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली, आणि पोरगा सहा महिने कुरियरच्या पिशव्या वाहत फिरला. चूक त्याची एकट्याची नव्हती. आम्ही बाप म्हणून एकदाही विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन विचारले नव्हते.

म्हणून या वेळी आम्ही एक सुट्टी काढली आणि मुंबईतली तीन कॉलेजे पायाखाली घातली. पहिल्या ठिकाणी भाचीचा मायनर विषय शिकवतच नव्हते. दुसरीकडे विषय होता, पण दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी नव्हती. दुसऱ्या वर्षाचा थेट प्रवेश हा कोणी सोडून गेले तरच मिळतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. तिसऱ्या ठिकाणचे कारकून भले होते. म्हणाले, "जागा आहे, पण पात्रता विद्यापीठ ठरवणार. आम्ही प्रवेश देऊ तो तात्पुरता." तात्पुरता हा शब्द ऐकून आम्हाला २०११ साल आठवले.

आता काहीजण सांगतात की क्रेडिटची बँक निघाली आहे, कुठेही जा. 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली आणली हे खरे. मिळवलेली क्रेडिट तिथे विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत धरली जातात. मुलांनी ते खाते उघडावेच. पण खात्यात क्रेडिट असणे आणि नव्या विद्यापीठाने ते आपल्या अभ्यासक्रमात धरणे यात अंतर आहे. शिवाय क्रेडिटबरोबर जागा मिळत नाही. रेशनकार्ड असले तरी दुकानात धान्य असावे लागते, तसलेच हे.

पैशाचे कोडे याहून अवघड. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर मिळते. पण एक टप्पा पास झाल्यावर त्याच टप्प्याचे शिक्षण दुसऱ्या विषयात घेतले, म्हणजे बी.ए. होऊन पुन्हा बी.कॉम.ला बसले, तर ती मिळत नाही. म्हणून कोणी "पहिले वर्ष नव्याने करा, काय बिघडते" म्हणाले, तर आधी समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन त्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचे विचारावे. बिघडते ते आपल्यासारख्यांचेच.

आणि राहायचे कुठे? आमच्या विक्रोळीच्या दोन खोल्यांत सहा माणसे. बायको म्हणाली, "सातवी झोपेल की, पोर काय परकी आहे?" मनाने ती मोठी. पण अभ्यासाला कोपरा लागतो, आणि तो आमच्याकडे नाही.

जूनच्या सुरुवातीला आम्ही गावी गेलो. तिथे आणखी एक बाजू निघाली, जी आमच्या हिशोबात नव्हती. भाचीचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, १९७९ च्या लाँग मार्चच्या वेळी तुरुंगात गेलेले. ते ओट्यावर बसून शांतपणे म्हणाले, "सोळा वर्षं लागली त्या नावाला. माझ्या नातीच्या कागदावर ते नाव येणार होतं. आता तिला मुंबईचं नाव पाहिजे?"

नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात कोणाची घरे जळाली आणि कोण गेले, ते त्या ओट्यावर कोणाला सांगायची गरज नव्हती. भाची खाली मान घालून बसली. दाजी काही बोलेनात.

आम्ही म्हणालो, "आबा, बाबासाहेबांनीसुद्धा विद्यापीठ बदललंच की." १९१६ साली ते कोलंबियातून लंडनला गेले. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धा अभ्यास टाकून परत यावे लागले. पण येताना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी परवानगी घेऊन आले. म्हणूनच १९२० ला ते पुन्हा जाऊ शकले, १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. जुने दार त्यांनी लावून घेतले नव्हते. आबा म्हणाले, "ते मला माहीत आहे. पण बाबासाहेब नावासाठी गेले नव्हते, शिकायला गेले होते."

उत्तर आबांनीच दिले. भाचीला मुंबई हवी होती की लॅब? तिला नीट विचारले तेव्हा म्हणाली, "लॅब. मुंबई म्हणजे तुम्ही आहात म्हणून." मग दुसऱ्या दिवशी आम्ही आणि दाजी एस.टी.ने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. बीड जिल्हा त्याच विद्यापीठात येतो. विद्यापीठ तेच राहिले तर मायग्रेशन लागत नाही, अभ्यासक्रमाची चौकट तीच असते, आणि फक्त एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचे असते. दिवसभरात चार कॉलेजांच्या प्रयोगशाळा पाहिल्या. प्राचार्यांच्या केबिनमध्ये न बसता सरळ लॅब दाखवा म्हणालो. एका ठिकाणी मुली खरोखर टेबलाशी उभ्या होत्या, आणि बेसिनमध्ये न धुतलेली भांडी होती. न धुतलेली भांडी पाहून आम्हाला इतका आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला. तिथे दुसऱ्या वर्षाची जागा होती, मेजर-मायनर जुळत होते, आणि तसे त्यांनी कागदावर लिहून दिले. तो कागद हातात आल्यावरच जुन्या कॉलेजात टी.सी.चा अर्ज टाकला. नव्या ठिकाणी मूळ गुणपत्रिका दाखवून परत घेतल्या. मूळ कागद कॉलेजने ठेवून घेऊ नयेत असे आयोगाने २०१८ सालीच कळवले आहे. झेरॉक्स द्यायची.

राहण्यासाठी समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात अर्ज केला. तिथे नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, शहराप्रमाणे वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. मात्र हप्ते उशिरा येतात, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांचे भाडे आणि मेस घरातूनच उभी करावी लागते. दाजींनी त्यासाठी एक शेळी विकली.

प्रत्येकाने असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. कोणाला हवा तो विषय आपल्या विद्यापीठातच नसेल, कोणाच्या घरचे पोट हलवले जात असेल, कोणाला जातीवरून छळले जात असेल, तर विद्यापीठ बदलावेच लागते. छळ असेल तर आधी लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी, मग निघावे. नाहीतर पोरगी अभ्यासाला कच्ची म्हणून गेली, असेच मागे सांगितले जाते. पण ज्याला नाव मोठे हवे आहे, त्याने पदवी पुरी करून एम.एस्सी.ला जावे. तेव्हा पेपर जुळवत बसावे लागत नाही.

आबांना अजून वाटते की आपल्याच बोलण्यावरून नात मुंबईला गेली नाही. आम्ही ते तसेच राहू दिले आहे.

भाचीला अखेर वसतिगृह मिळाले. ऑगस्टमध्ये एका रात्री तिचा फोन आला. आवाज दमलेला, पण खूश. "मामा, आज टायट्रेशन तीनदा केलं. दोनदा चुकलं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मॅडम म्हणल्या, जेवायला जा, बाकीचं उद्या."