बोटीत बसून आलेला शिंपला

ऑक्टोबर १९८६. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, ग्रिझली बे नावाच्या भागात, जीवशास्त्र शिकणारी कॉलेजची मुलं जीव गोळा करायला गेली होती. त्यांना तीन छोटे शिंपले मिळाले. आपल्याकडच्या तिसऱ्यांसारखे, पण त्या खाडीत आजवर कुणी न पाहिलेले!

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे काय झालं असेल? एका चौरस मीटर चिखलात, म्हणजे तुमच्या वर्गातल्या दोन-तीन बाकांखाली मावेल एवढ्या जागेत, बऱ्याच ठिकाणी दोन हजारांहून जास्त शिंपले! एवढे आले कुठून?

या शिंपल्याचं माहेर चीन, कोरिया, जपानकडचं. प्रशांत महासागर पोहून पार करणं त्याला शक्यच नाही. तो आला जहाजातून. माल उतरवला की जहाज हलकं होतं आणि लाटांवर हेलकावायला लागतं. म्हणून त्याच्या तळाच्या टाक्यांत बंदरातलंच पाणी भरून घेतात. दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते ओतून देतात. त्या पाण्यात काय काय असतं, माहीत आहे? शिंपल्यांची पिल्लं! डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक, आणि दोन-तीन आठवडे नुसती तरंगत राहणारी. तेवढ्यात जहाज महासागर ओलांडून पोहोचतं.

पण नव्या जागी टिकणं सोपं नसतं हं. बहुतेक पाहुणे मरूनच जातात. याचं नशीब मात्र जोरावर होतं. १९८६ च्याच फेब्रुवारीत तिथे मोठा पूर आला होता. गोड्या पाण्याच्या लोंढ्यानं चिखलातले जुने रहिवासी कमी झाले आणि जागा मोकळी झाली, असं शास्त्रज्ञांना वाटतं. शिवाय याला खारट, मचूळ, जवळजवळ गोडं, कसलंही पाणी चालतं!

आता खरी काळजीची गोष्ट ऐका. शिंपला पाणी आत ओढतो आणि त्यातल्या सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. उथळ जागी तर हे लाखो शिंपले मिळून सगळं पाणी दिवसातून अनेकदा गाळून काढतात. १९८७ पासून उन्हाळ्यात तिथे या वनस्पतींचा हिरवा बहर येईनासाच झाला. त्यांच्यावर जगणारे बारीक जीव उपाशी, आणि ते जीव खाणारे छोटे मासेही उपाशी. एक जहाज, थोडं पाणी, आणि अख्ख्या खाडीचं ताट रिकामं!

एकदा चिखलात पसरलेला शिंपला वेचून काढता येत नाही. त्याला वाटेतच अडवायला हवं. म्हणून टाक्यांतलं पाणी शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, खोल समुद्रात बदलायचं, असा उपाय ठरला. किनाऱ्यावरचे जीव तिथे सहसा तगत नाहीत. आता जहाजांवर पाणी शुद्ध करणारी यंत्रंही बसवतात. या कामाच्या तयारीसाठी जगातली सहा बंदरं निवडली होती, त्यांत आपलं मुंबई बंदर होतं. जहाजांतल्या या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून तो लागू आहे.