घरीं बांधलेली सहलगाडी : तिचीं चाकें आणि बाह्यांग

मोटारीमागें जोडावयाची, थेंबाच्या आकाराची, दोन माणसें निजतील एवढी सहलगाडी अमेरिकेंतील हौशी लोक १९३० नंतरच्या मंदीच्या काळापासून घरींच बांधीत आले. १९४७ सालीं ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकानें तिचा आराखडाहि छापला.

बांधणारा बहुधा अंथरुणाचा विचार आधीं करतो आणि आंसाचा मागाहून. येथेंच घात होतो. आंस बरोबर मध्यावर नको; किंचित् मागें हवा, म्हणजे एकंदर वजनाचा शेंकडा दहा ते पंधरा हिस्सा पुढील जोडावर पडतो. उलाळ झालेली बैलगाडी आपण पाहिली असेल. बैल निदान थांबतात! ताशीं पन्नास मैल धांवणाऱ्या मोटारीमागें उलाळ गाडी शेपटासारखी हेलकावूं लागली, म्हणजे मोटारीलाहि रस्त्याबाहेर ओढून नेते. चाकाचे नट ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळावे, आणि पन्नासएक मैलांनंतर खालीं उतरून पुन्हां आवळावे. हा आळस कोणीं करूं नये.

आतां बाह्यांग. प्लायवूडचा पृष्ठभाग रंगविला असतां पाऊस सोसतो. कडा सोसत नाहींत. तेथें लांकडाचे रेषे उघडे असतात व वातींत तेल चढावें तसें पाणी आंत चढतें, आणि थर सुटतात. म्हणून पत्रा ठोकण्यापूर्वीं कडांना व स्क्रूच्या प्रत्येक भोकाला इपॉक्सी राळ पाजावी. पत्रा परवडत नसेल, तर जुन्या नावाड्यांप्रमाणें कॅनव्हास चिकटवून रंगाचे दोन-तीन हात द्यावे. तळ दिसत नाहीं, म्हणून पुष्कळ जण तो कोराच ठेवतात; चाकांनीं उडविलेला चिखल मात्र प्रथम तेथेंच बसतो.