मॅडमचा परीक्षेचा गुरुवार

पहाटे ५.२०
डोंबिवली. ओट्यावर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. मॅडम बालरोग विभागात सहयोगी प्राध्यापक आहेत. एम.डी. होऊन अठरा वर्षं झाली. आता पुन्हा विद्यार्थिनी: आरोग्यविज्ञान शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, बहुतेक वर्ग ऑनलाइन. फी स्वतःच्या पगारातून, हप्त्याने. मुलगा बारावीला. घरात आधी कोण पास होतं, यावर पैज लागली आहे.

६.४८
लोकल. दारापाशी उभ्यानेच वाचन. हातात मिलरचा १९९० चा पिरॅमिड, डॉक्टरचं कौशल्य मोजायच्या पायऱ्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, रोजच्या कामात करणं. पगार वाढेल का, मी विचारतो. "एक रुपया नाही. बढतीला लागतो तो छोटा कोर्स. तो कधीच झाला." परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये वैद्यकीय शिक्षकांसाठी फेलोशिप सुरू झाली. मॅडमना चटक तिथे लागली.

८.१०
स्किल लॅब. टेबलं ओढायची, ती मॅडमनीच. शिपाई एकच आणि तो पाणी आणायला गेलाय. सलाइन लावायचा रबरी हात टोचून टोचून गळतो. नवी कातडी मागवायची तर कागद फिरायला महिने लागतात. म्हणून मुदत संपलेल्या आयव्ही सेटची नळी स्पंजात खोचली आहे, आत खायच्या रंगाचं लाल पाणी. स्पंज चाळीस रुपये. गुलाबी कॅन्युला, टूर्निके, सुया टाकायचा डबा. गुणतक्त्याच्या झेरॉक्सचे तीनशे रुपये मॅडमच्या पर्समधून गेले.

आया म्हणून काम करणाऱ्या मावशी आज आई होणार आहेत. दोनशे रुपये आणि नाश्ता.
"मॅडम, आज माझ्या पोराला काय झालंय?"
"जुलाब. कालपासून सहा वेळा. आणि तो प्रश्न विसरू नका."

९.३०
घंटा. विद्यार्थ्यांनी टेबलामागून टेबल फिरायचं, दर टेबलाला पाच मिनिटं. ही पद्धत डंडीच्या हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडली. सगळ्यांना तेच प्रश्न, तीच वेळ. परीक्षकाच्या मर्जीवर कमी सोडायचं.

मावशींसमोर एक हुशार मुलगा. निर्जलीकरणाची लक्षणं घडाघडा. झिंक १४ दिवस. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात.
मावशी मांडीवरची बाहुली थोपटत विचारतात, "लिटर म्हणजे किती, डॉक्टर? माझ्याकडं मापाचं काही नाही."
मुलगा गप्प. मग म्हणतो, "हजार एमएल."
घंटा.

टेबलामागे दोन परीक्षक, एकमेकांचा कागद न बघता गुण देतात. ते गुण किती जुळतात, यावरच मॅडमचा प्रबंध आहे.

दुपारी १.१५
वॉर्ड. नाकात नळी, ताप, एक डिस्चार्ज. डबा अर्धाच खाल्ला.

३.००
मुलांना सांगायची वेळ, प्रत्येकी दोन मिनिटं. काय जमलं, ते आधी. त्या मुलाला मॅडम पाण्याची रिकामी बाटली देतात. "एक लिटरची. हीच दाखवायची. मग आईकडूनच परत वदवून घ्यायचं." तो ते लिहून घेतो. लिहायची खोड जायला वेळ लागेल.

शेजारच्या खुर्चीतले ज्येष्ठ सर हसतात. "आम्ही शिव्या खाऊन शिकलो. काय बिघडलं?" मॅडम उत्तर देत नाहीत. सर डॉक्टर म्हणून पहिल्या दर्जाचे, हे मलाही ठाऊक आहे. पण मावशींच्या टेबलावरचे दुसरे परीक्षक तेच होते.

५.१०
लाल पाणी मोरीत. टेबलं परत जागेवर. चहा दोन कटिंग.

रात्री ९.००
ऑनलाइन वर्ग. मार्गदर्शक गुणांचा तक्ता उघडतात. 'आईला समजेल असं सांगितलं का?' या ओळीला त्याच मुलाला एकाने दोनपैकी दोन दिलेत, दुसऱ्याने शून्य.
"समजेल असं म्हणजे कसं?" मार्गदर्शक विचारतात.
मॅडम ओळ खोडतात. नवी लिहितात: 'पाणी मोजायला घरातली वस्तू सांगितली का?' खाली आणखी एक: 'आईकडून कृती वदवून घेतली का?'
पुढच्या तुकडीची परीक्षा सोमवारी. म्हणजे झेरॉक्स पुन्हा.