उतारवयातली भोवळ

चक्कर म्हणताना माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात: डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि घर गरगर फिरणे. कारण शोधताना हा भेद फार मोलाचा. कुशीवर वळताना किंवा मान वर करताना काही सेकंद सारे फिरले, तर दोष बहुधा आतल्या कानात असतो. तिथले कॅल्शियमचे सूक्ष्म कण वयोमानाने जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात आणि मेंदूला खोटी हालचाल जाणवते. यावर गोळ्यांपेक्षा डॉक्टरांनी डोके ठरावीक क्रमाने वळवण्याचा एपली उपचार गुणकारी. तो काही मिनिटांत होतो.

उठताच अंधारी येत असेल, तर अनेकदा रक्तदाब एकदम उतरलेला असतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक घसरणे, हे त्याचे माप. भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीत तासन्‌तास वाकून काम चालते. घामाने अंगातले पाणी कमी झालेले, त्यात रक्तदाबाची गोळी. मग बांधावर कंबर सरळ करताच म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. रक्तक्षय, साखर उतरणे, हृदयाचे अनियमित ठोके हीही कारणे. मात्र चक्कर येतानाच बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर पक्षाघाताची शंका घेऊन तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.